न विचारता शिवलेला कोट

तुटलेलं बटण दिसलं की मावशीचे हात शिवशिवायला लागत. बटण स्वतःचं असेल तर नव्हे, दुसऱ्याचं असेल तरच. तिच्या स्वतःच्या स्वेटरला बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती, आणि ती पिन स्वेटरपेक्षाही जुनी आहे असं तिची नणंद सगळ्यांना सांगत असे.

मावशी लाँड्रीत कामाला होती. पुढे काउंटर, काउंटरच्या मागे छताला टांगलेले कपड्यांचे दांडे, त्यांच्यामागे धुलाईची यंत्रं आणि अगदी आत वाफेची इस्त्री. तिथे इस्त्रीवाले काका दिवसभर घामाने निथळत उभे असत, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल त्यांचं मत वाईट असे. मावशीचं काम खिशांचं. आलेला कपडा उलटसुलट बघायचा, खिसे रिकामे करायचे, सापडेल ते पाकिटात घालून कपड्याला टाचायचं, नंबराची चिंधी लावायची आणि कपडा पुढे द्यायचा. पण खिशात काय आहे यापेक्षा खिसा धड आहे का, याचीच तिला जास्त काळजी.

तिच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुया, दोरे, अंगुस्तान, छोटी कात्री आणि कुठून कुठून जमवलेली बटणं. जेवणाची सुट्टी झाली की मावशी एका हाताने जेवी आणि दुसऱ्या हाताने डबा उघडी. दवाखान्यातल्या नर्सच्या गणवेशाचा खिसा पेनांच्या भाराने फाटलेला असे, त्याला आतून दुहेरी कापड लागे. बसच्या ड्रायव्हरच्या बाहीचं बटण, शाळकरी पोरीच्या स्कर्टची उसवलेली दुमड, एकट्या राहणाऱ्या कारकुनाच्या शर्टाची झिजलेली कॉलर. कॉलर तर ती उसवून, उलटी करून पुन्हा लावी, आणि मरायला टेकलेला शर्ट उठून बसे.

हे ती कोणाला सांगत नसे. यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. सांगितलं असतं तर मालकीणबाई ओरडल्या असत्या, हे एक. आणि लपूनछपून कोणाचं भलं करण्यात चोरून आंबट-चिंबट खाण्याची मजा असते, हे दुसरं. बटण तुटलं की माणसाला लगेच कळतं, लागलेलं मात्र कळत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं की मावशी टांगलेल्या कोटांच्या आडून बघत राही. नर्स काउंटरपाशीच पाकिटातली पेनं काढून नव्या खिशात खुपशी, पेनं राहत आणि बाई निघून जाई. मावशी आत येऊन काकांना सांगे, "पडली नाहीत."

"काय पडलं नाही?"

"पेनं."

काका इस्त्री दाबत म्हणत, "मावशी, हे तुम्हाला एक दिवस भोवणार."

आणि ते भोवलं. एका तरुणाची जीन्स धुवायला आली. दोन्ही गुडघे फाटून लोंबत होते. मावशीने जीन्स उलटसुलट करून पाहिली. पोरगा एवढ्या चांगल्या घरातला दिसतोय, आणि अंगावर ही दशा. कोणी बघणारं नसेल. तिने जुळतं निळं कापड शोधलं, दोन्ही गुडघ्यांना आतून ठिगळं लावली आणि वरून इतके बारीक टाके घातले की जीन्स अगदी शहाण्यासारखी दिसायला लागली. पोराने ती काउंटरवर उलगडली आणि तो जो किंचाळला, तो वाफेच्या आवाजातही आत ऐकू आला. ती जीन्स फाटकीच विकत घेतलेली होती. फाटकी होती म्हणून महाग होती.

मालकीणबाईंनी त्याला भरपाई दिली आणि मावशीला समोर उभं केलं. बाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांचा आवाज असा होता की त्यांनी 'चहा घे' म्हटलं तरी शिक्षा सुनावल्यासारखं वाटे. "मावशी, आपण धुतो. आपण शिवत नाही. परत कोणाच्या कपड्याला न विचारता टाका घातलास तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. कळलं?"

"कळलं," मावशी म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं. दोन दिवस तिने डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःची समजूत घातली की बटण लावणं म्हणजे काही शिवणं नव्हे. जित्याची खोड, दुसरं काय.

त्याच आठवड्यात तो कोट आला. घेऊन आलेले गृहस्थ उंच, काटकुळे, साठी ओलांडलेले. बोटं लांबच लांब. कोट काळा, जुना, लांब शेपटीचा, आतून गडद लाल अस्तर. पाठीवर आणि खांद्यांवर बुरशीचे पांढुरके डाग पडलेले. गृहस्थांनी कोट काउंटरवर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"डाग काढायचेत. फक्त वरून. आतून हात लावायचा नाही."

"आतून साफ केला तर वासही जाईल," मालकीणबाई म्हणाल्या.

"वास राहू द्या. आतून नको. आणि रविवारच्या आत हवा."

बाईंनी चिठ्ठीवर 'फक्त वरून' असं लिहून कोट आत पाठवला. खिसे बघायचे म्हणून मावशीने उजव्या खिशात हात घातला, तो थेट अस्तरात जाऊन पाठीशी निघाला. डावा खिसाही तसाच, बूड नसलेला. बाहीच्या अस्तरात कोपराच्या वर तळहाताएवढी फट, दुसऱ्या बाहीतही तशीच. शेपटीत आतून एक पिशवीसारखा खिसा, त्याचं तोंड आ वासलेलं. डाव्या बाहीत एक इलॅस्टिकची दोरी लोंबत होती, तिच्यात जीव म्हणून उरला नव्हता. काही फटींच्या कडेला कोणीतरी काजाला घालतात तसे बारीक, सुरेख टाके घातलेले होते. आणि तरी फटी उघड्याच.

मावशीने सगळी हकीकत मनातल्या मनात जुळवून टाकली. एकटा माणूस. बायको असताना तिने बिचारीने अस्तर आणखी उसवू नये म्हणून कडा बांधल्या, पण फटी बंद करायला तिला सवड मिळाली नाही. आता हा आपला 'फक्त वरून' म्हणतो, कारण तेवढं काम स्वस्तात होतं. आणि आतली दशा आपल्याला दिसू नये म्हणून हात लावू नका म्हणतो. स्वाभिमानी आहे. मावशीचे डोळे भरून आले. दुसऱ्याच्या दुःखाची गोष्ट रचायची आणि ती ऐकून आपणच रडायचं, हा तिचा जुना छंद होता.

दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या तिने त्या कोटावर घालवल्या. लाल दोरा दुहेरी घेतला. खिशांना बूड लावलं, बाह्यांच्या फटी बंद केल्या, शेपटीतल्या पिशवीचं तोंड शिवून टाकलं. मेलेलं इलॅस्टिक काढून त्या जागी नवं, घट्ट लावलं. इस्त्रीवाले काका येऊन बघून गेले.

"हा कोट आहे की चाळणी?"

"होती चाळणी. आता कोट झाला," मावशी म्हणाली.

"चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचलंत ना?"

"आत कुठे काय केलंय मी? आहे ते बंद केलंय फक्त."

काकांनी या उत्तरावर विचार करून बघितला आणि ते इस्त्रीकडे परत गेले. शनिवारी संध्याकाळी गृहस्थ आले, त्यांनी बाहेरून कोट पाहिला, डाग गेले होते. घडी घालून काखेत मारली आणि निघून गेले. कोटांच्या आड उभ्या असलेल्या मावशीला त्या रात्री गाढ झोप लागली.

आता नणंदेबद्दल सांगायला हवं. मावशी आणि तिची नणंद दोन खोल्यांच्या घरात एकत्र राहत. दोघींना एकमेकींशी जोडणारा माणूस जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याने मारलेली गाठ काही सुटली नव्हती. नणंद नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसे. गावात कोण कोणाबरोबर नाटक बघतं हे तिला तोंडपाठ होतं, आणि जगात तिचा विश्वास फक्त सुट्ट्या पैशांवर होता. रविवारी सकाळी कामावर जाताना ती मावशीच्या हातात एक पास ठेवून गेली. "आज संध्याकाळी जादूचे प्रयोग आहेत. पहिली रांग आहे, वहिनी. ती पिन काढून काहीतरी बरं घालून ये."

मावशी पिनेसकट गेली. नाट्यगृहासमोर पोराटोरांचा हा गोंधळ. दाराशी मोठं चित्र लावलेलं होतं. उंच, काटकुळा जादूगार दोन्ही हात पसरून उभा, अंगात लांब शेपटीचा काळा कोट, आतून लाल अस्तर. मावशीने चित्र पाहिलं, चेहरा पाहिला, आणि तिला आनंदाचं भरतं आलं. ती रांग मोडून थेट खिडकीपाशी गेली.

"वन्सं, हा कोट माझा आहे."

"रांगेत ये, वहिनी," नणंद तिकीट फाडत म्हणाली.

"अहो, लाँड्रीत आला होता. आतून नुसत्या चिंधड्या. खिशांना बूड नाही, बाह्यांना भोकं. मी दोन दिवस बसून एकूण एक भोक शिवून टाकलं. आता त्यात मुंगी शिरायची नाही."

नणंदेचा तिकीट धरलेला हात हवेत राहिला. खिडकीपुढच्या बापाने हात पुढे केला तरी तिकीट काही त्याच्यापर्यंत आलं नाही.

"काय शिवलंस?"

"भोकं."

"वहिनी," नणंद फार हळू म्हणाली, "जादूगाराच्या कोटाची भोकं?"

मावशीने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. चित्रातल्या जादूगाराच्या बाहीतून रंगीत रुमालांची माळ निघाली होती. ती माळ कुठून निघाली असेल, हा विचार तिच्या डोक्यात आयुष्यात पहिल्यांदा शिरला.

"दोन वर्षांनी उभा राहतोय गं तो माणूस," नणंद म्हणाली. "बायको स्टेजवर त्याच्या जोडीला असायची. ती गेली आणि याने पेटी बंद केली. परवा इथेच खिडकीत उभा राहून मला म्हणाला, हा एक रविवार मिळालाय. हात चालले तर चालले, नाही तर पेटी भंगारात देऊन टाकतो. आणि तू त्याचे खिसे शिवलेस."

मागच्या दाराशी जाऊन मावशीने दरवानाच्या हातापाया पडून पाहिलं. पण दरवान ऐकेना. पडदा वर जाईपर्यंत आत माशीलाही सोडायचं नाही, असा जादूगाराचा हुकूम होता. जादूगार मंडळींना आपली गुपितं जिवापलीकडे असतात, आणि ती कोणीतरी आधीच शिवून टाकली आहेत, हे दरवानाला सांगण्याची मावशीची छाती होईना. घंटा झाली. ती धावत येऊन पहिल्या रांगेत बसली. बसताना मागे नजर गेली, तर तिसऱ्या रांगेत दोन नातींना घेऊन मालकीणबाई बसलेल्या. मावशी खुर्चीत जेवढी खाली सरकता येईल तेवढी सरकली.

पडदा वर गेला. सुरुवात बरी झाली. दोरीचा खेळ झाला, पत्त्यांचा झाला. लांब बोटं थोडी अडखळली, पण चालली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग जादूगाराने उजवा हात ऐटीत खिशाकडे नेला, आणि हात तिथेच थांबला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. त्याने डावा हात नेला. मग बोटं बाहीत सरकवली. रुमाल, फुलं, सगळं सामान त्याने कमरेच्या पट्ट्यात खोचून वरून कोट चढवला होता, आणि तिथवर हात पोचायच्या वाटा म्हणजेच त्या फटी. सभागृहातल्या सगळ्यांना वाटलं, हा काहीतरी मोठं करणार. का थांबलाय, हे माहीत असलेली माणसं तिथे दोनच होती. एक तो आणि एक मावशी.

"बघा हं," जादूगार म्हणाला. "माझ्या बाहीत काही नाही."

"आमच्या खिशातही काही नाही," मागून एक जाडजूड गृहस्थ ओरडले, आणि सगळे हसले.

जादूगारही हसला. पण त्याच वेळी त्याने पटकन उजवीकडे, पडद्याच्या आडोशाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तिथे जे माणूस उभं असायचं, ते असल्यासारखं पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्याचे खांदे खाली आले. मावशीला जन्मात कशाची एवढी लाज वाटली नव्हती. आपण आपल्या मजेसाठी चांगुलपणा करत फिरलो, आणि त्यापायी एका भल्या माणसाचं सगळ्या गावासमोर वाटोळं झालं. पर्समध्ये तिचा हात आपोआप गेला. बिस्किटांच्या डब्यातली कात्री काल घरी आणलेली होती.

मावशी उभी राहिली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला तुमचा कोट तपासायचाय."

जादूगाराचा चेहरा पांढरा पडला. मेलेल्याला मारायला कोण उठलं, असाच तो बघत होता. तोवर मावशी पायऱ्या चढून वर पोचलीही होती. तिने त्याच्या कोटाची कड धरली आणि ओठ न हलवता म्हणाली, "मी लाँड्रीतली. भोकं मी शिवली. चुकले. कात्री आणलीय."

जादूगाराने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आधी राग आला, मग नवल आलं, आणि मग त्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं. माणूस जन्मभर स्टेजवर राहिला होता. तो प्रेक्षकांकडे वळला.

"मंडळी, या बाईंचा माझ्यावर विश्वास नाही. यांना वाटतं, माझ्या कोटात चोरकप्पे आहेत. तपासा बाई, खुशाल तपासा. पण एकट्या नको. ते मागचे गृहस्थ, ज्यांच्या खिशात काही नाही, त्यांनीही वर यावं."

जाडजूड गृहस्थ मोठ्या हौसेने वर आले. मुळातच संशयी माणूस, त्यात आता सरकारी परवाना मिळाल्यासारखा. त्यांनी खिशात हात घातला, बूड चाचपलं. बाहीच्या अस्तरावरून बोटं फिरवली. शेपटी उलटी करून बघितली. शिवण ओढून ओढून पाहिली. मावशीचे टाके ते, ओढून थोडेच सुटणार? गृहस्थांनी लोकांकडे तोंड केलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "सगळं गच्च बंद आहे. बोटभरही फट नाही. मी खात्री देतो."

"बसा तुम्ही," जादूगार म्हणाला. त्याला आता हसू आवरत नव्हतं. "बाई, तुमचं समाधान झालं?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी पुन्हा बघते. मला शेपूट नीट दिसली नाही."

लोक हसले. मावशी कोटाच्या आत शिरली म्हणायला हरकत नाही. कात्री तळहातात दडवून तिने आधी उजव्या बाहीचा दोरा कापला, मग खिशाचा. जादूगार तोवर लोकांना संशयी बायकांच्या गोष्टी सांगत होता, आणि कात्रीचा आवाज आला की खाकरत होता. "इतकी वर्षं प्रयोग करतोय, पण एवढी कडक तपासणी माझ्या सासूबाईंनीही केली नव्हती," तो म्हणाला. मावशीने शेपटीतल्या पिशवीचं तोंड मोकळं केलं, कात्री मुठीत मिटली आणि बाहेर येऊन हात झटकले.

"काही नाही हो यात," ती खट्टू झाल्यासारखी म्हणाली. आणि हे सोंग तिला इतकं छान वठवता येतंय, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग जे झालं, त्याबद्दल त्या गावातली पोरं अजून बोलतात. नुकत्याच तपासलेल्या, गच्च बंद असल्याची खात्री दिलेल्या बाहीतून रुमाल निघाले. लाल, पिवळे, हिरवे, एकाला एक बांधलेले, निघतच राहिले. रिकाम्या खिशातून, बूड असलेल्या खिशातून, कागदाच्या फुलांचा गुच्छ आला. जाडजूड गृहस्थ उभे राहून "पण मी स्वतः बघितलं होतं" असं शेजारच्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि शेजारचा त्यांना खाली बसवत होता. मग जादूगाराने एक रुमाल मुठीत धरला, मूठ डाव्या बाहीजवळ नेली आणि उघडली. नव्या इलॅस्टिकने रुमाल असा ओढून घेतला की जादूगार स्वतःच दचकला. पूर्वी या खेळात रुमालाचं टोक बाहेर राहायचं, बायको ते पदरचं काहीतरी बोलून झाकायची. आज रुमाल होता आणि नव्हता.

खेळाच्या शेवटी त्याच्या बोटाला कापलेल्या लाल दोऱ्याचा तुकडा लागला. तो त्याने अजून स्टेजवरच उभ्या असलेल्या मावशीच्या कानामागून ओढल्यासारखा केला, आणि कुठून कोण जाणे, दोरा लांबत लांबत थेट पहिल्या रांगेपर्यंत गेला. "बाई, तुमच्या डोक्यात फार शिवण आहे," तो म्हणाला. मावशी एवढी हसली की तिला खाली वाकावं लागलं.

प्रयोगानंतर मावशी मागच्या खोलीत गेली. या वेळी दरवानाने स्वतःहून दार उघडलं. नाट्यगृहाचे व्यवस्थापक पुढच्या महिन्याचाही रविवार देऊन गेले होते आणि जादूगार खुर्चीत बसून घाम पुसत होता. तो काही बोलायच्या आत मालकीणबाई दोन नातींना घेऊन आत आल्या. मावशीने मान खाली घातली.

"तूच शिवलास ना हा कोट?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंत."

धाकटी नात मालकीणबाईंचा हात ओढत होती. तिला मावशीच्या कानामागे अजून दोरा आहे का, ते बघायचं होतं. शेवटी बाई जादूगाराला म्हणाल्या, "डाग नीट निघाले ना?"

"उत्तम निघाले."

"मग झालं तर." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "मावशी, उद्या वेळेवर ये. आणि यापुढे गिऱ्हाइकाला आधी विचारायचं. मीच विचारीन काउंटरवर, म्हणजे घोळ नको. आणि तुझं हे पिनेचं प्रकरण आधी मिटव, आपल्या दुकानाची शोभा होते." हे सगळं त्यांनी त्याच शिक्षा सुनावल्याच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे आपल्याला माफी मिळाली हे मावशीच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

तोवर खिडकी बंद करून नणंदही आली. "कसं काय, आमच्या वहिनीने प्रयोग बिघडवला की घडवला?" तिने विचारलं.

"दोन्ही," जादूगार म्हणाला. मग तो मावशीकडे वळला. "पुढच्या महिन्यात पुन्हा संशय घ्यायला याल? आधी तुम्हीच शिवायचं, लोकांना तपासू द्यायचं आणि मग तुम्हीच कापायचं. असा खेळ मी जन्मात केला नव्हता."

"पण आता माझा विश्वास बसलाय ना तुमच्यावर," मावशी म्हणाली.

"तेवढं खोटं तिला जमेल," नणंद म्हणाली. "येईल ती."

जादूगाराने कोट काढून टेबलावर उलटा पसरला. घाईत न कापलेले टाके अजून जागोजागी होते. मावशी ते एकेक उसवायला लागली. उजव्या बाहीची फट पूर्ण मोकळी झाली, तसा जादूगार वाकला आणि त्याने कडेच्या बारीक टाक्यांवरून बोट फिरवलं. "हे तिने घातलेले. मला वाटलं, शिवताना तुम्ही हे काढून टाकलेत."

"छे, मी त्यांच्या बाहेरून शिवलं. इतके सुंदर टाके कोण उसवेल?"

मावशी पुढे सरकत होती. आता प्रत्येक टाक्यापाशी ती थांबून विचारत होती, कारण एकाच कोटात दोनदा चुकायचं तिला नव्हतं. "हे कोणत्या खेळाचं?" "फुलांचं." "आणि हे?" "हे पत्त्यांचं." डाव्या काखेत, अस्तराच्या अगदी आत, तिच्या दोऱ्याची एक वीतभर रांग होती. तिने कात्रीचं टोक तिच्याखाली घातलं. "आणि हे कशाचं?"

जादूगाराने चष्मा लावला. काखेत हात घालून चाचपलं, पुन्हा चाचपलं. तिथे कडेला बारीक टाके नव्हते. तिथे कुठला कप्पा नव्हता, पिशवी नव्हती. मग त्याने मावशीचा कात्रीचा हात हळूच बाजूला केला.

"हे खेळातलं नाही," तो म्हणाला. "हा कोट खरंच फाटला होता. मला माहीतच नव्हतं."

"मग राहू दे?"

"राहू दे," तो म्हणाला, आणि कोट अंगात चढवून त्याने डावा हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मावशीला त्या घटकेला इतका आनंद झाला की तिला रडू फुटलं. नणंदेने तिला हातरुमाल दिला, कारण जादूगाराच्या सगळ्या रुमालांना एकमेकांशी गाठी मारलेल्या होत्या.